खिंडीखालचा कागद

आमच्या धाकट्या लेकीचा, कुसुमचा, साखरपुडा झाला त्या वर्षीच्या माघातली ही गोष्ट. साखरपुड्याचे पेढे द्यायला मी टिपणीस साहेबांकडे गेलो, तर साहेब बाहेरच्या खोलीत फरशीवर उकिडवे बसलेले आणि समोर प्लायवूडची आख्खी आठ बाय चारची शीट पसरलेली.

"मुकादम, बरा आलास," साहेब म्हणाले. "पेढे तिकडे ठेव. आधी हे बघ. लाईन टाकायची आहे."

"कुठं, साहेब?"

"इथं. ह्यावर."

त्यांनी एक खोका उघडला. आत तळहाताएवढं काळं इंजिन, चार डबे आणि वीतवीत लांबीचे रूळ होते. त्यांच्या मुलानं परदेशातून पाठवले होते. साहेबांनी एक रूळ माझ्या हातावर ठेवला. स्लीपर, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या, सगळं त्यात होतं. चावी मुंगीच्या डोक्याएवढी.

"आपली छोटी लाईन," साहेब म्हणाले. "वाघदऱ्यापासून देवठाणपर्यंत. खरी तर उपटून नेली. निदान ही तरी राहील."

छोटी लाईन बंद होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी तिच्यावर एकतीस वर्षं काढली. आधी गँगमन, मग सात नंबरच्या गँगचा मुकादम. टिपणीस साहेब आमचे लाईनीचे इन्स्पेक्टर. नोकरी संपली तरी ते साहेबच राहिले आणि मी मुकादमच. त्यांची बायको वारली, मुलगा दूर, म्हणून मी दर चार दिवसांनी जायचो. ते स्वतः चहा करायचे आणि त्यांच्याच कपासारख्या कपात मला द्यायचे. खुर्चीवर बसवून. आमच्या गल्लीत ह्या गोष्टीचा मला मान होता.

साहेबांनी लगेच रूळ जोडायला घेतले. मी त्यांचा हात धरला.

"साहेब, तुम्ही जन्मात कधी रूळ टाकलेत का? तुम्ही ट्रॉलीवरून बघितले. टाकले आम्ही."

"मग?"

"आधी बैठक. बैठक चुकली तर वरचं सगळं चुकतं. ही फळी नुसती फरशीवर ठेवाल तर महिन्यात पोटातून वाकेल, आणि तुमचं इंजिन चढावर धापा टाकत बसेल."

साहेब हसले. "बोल बाबा. आज तू इन्स्पेक्टर, मी गँगमन."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. मी वखारीतून देवदाराच्या दोन इंची पट्ट्या आणल्या. त्यांची चौकट केली, आत दर फुटावर आडवी पट्टी दिली, सहा पाय लावले. प्लायवूड खिळ्यांनी न ठोकता स्क्रूनं बसवलं, कारण खिळा सैल होतो आणि त्याचा आवाज गाडीच्या आवाजात मिसळतो. स्क्रूच्या डोक्यांवर लांबी भरली, पॉलिशपेपरनं घासून हात फिरवला तर कुठं काही लागणार नाही अशी केली. ओल धरू नये म्हणून खालून-वरून रंगाचा एक हात दिला.

साहेबांनी पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध.

"झालं," ते म्हणाले.

मी फळीच्या कडेला गाल टेकवला, एक डोळा मिटला आणि रुळाची सरळी बघतात तसं बघितलं. मुकादम रुळावर पालथा पडून असाच बघतो.

"खिडकीकडचा कोपरा दोऱ्यानं खाली आहे."

"पाणसळ बरोबर दाखवतेय रे!"

"गोटी ठेवा."

साहेबांनी गोटी ठेवली. ती क्षणभर थांबली, मग आपली हळूहळू खिडकीच्या कोपऱ्याकडे निघाली. साहेबांनी माझ्या पाठीत थाप मारली. "गेनू मुकादम, तुझा डोळा म्हणजे डोळा! शाळेत गेला असतास तर माझ्या खुर्चीत बसला असतास."

मी पायाखाली पत्र्याची पाचर सारली. गोटी जागच्या जागी राहिली. त्या दिवशी घरी जाताना माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

घरी मात्र ठकू, माझी बायको, एकच विषय घेऊन बसली होती.

"वैशाखात लगीन. अंतरपाटामागं पोरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. माझ्या पोरीच्या पाठीशी कोण?"

"थोरल्या शेवंताच्या वेळी उभा केला होताच की तुझा चुलत भाऊ."

"चुलत! सख्खा जिवंत असताना चुलत! दोन लेकींची लग्नं आणि मामा चार कोसांवर दार लावून बसलाय. तुम्ही त्याचं काय केलंत, ते तरी सांगा मला."

"मी काही केलं नाही, ठके."

"मग बावीस वर्षं तो माझ्या उंबऱ्यावर का येत न्हाई?"

म्हादू माझा मेव्हणा आणि माझ्याच गँगचा कीमन. रोज पहाटे हातोडा खांद्यावर टाकून सहा मैल रुळानं चालायचं, सैल झालेली चावी ठोकायची, हे त्याचं काम. कुसुम पाळण्यात होती त्या श्रावणात खिंडीत ओढ्यावरच्या मोरीपाशी मालगाडी घसरली. इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनचा पाय गेला. चौकशी झाली आणि म्हादूला नोकरीवरून काढलं. चौकशी संपल्यावर मी त्याच्या घरी गेलो तर तो दारातच उभा राहिला. "दाजी, तुमाला ठावं हाय," एवढंच म्हणाला आणि दार लावलं. मला काहीच ठावं नव्हतं. मला वाटायचं, मी मुकादम असून त्याची नोकरी वाचवली नाही, म्हणून त्याचा राग आहे.

त्या चौकशीत माझाही जबाब झाला होता. मला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. मी सांगितलं ते साहेबांनी लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, आणि मी दोन कागदांवर अंगठा उठवला. पाऊस फार झाला, मोरीवरची खडी वाहून गेली, म्हादू पहाटेच हद्द फिरून आला होता, हे मी सांगितलं होतं. साहेबांनी हेच वाचून दाखवलं होतं.

आता मला वाचता येत होतं, पण ही गोष्ट साहेबांना ठाऊक नव्हती. आदल्या वर्षी गावात मोठ्या माणसांचे साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा कुसुम शिकवायला जायची. मला वर्गात बसायची लाज वाटली, म्हणून तिनं घरीच पाटी दिली. साठी उलटल्यावर मी ग म भ न गिरवलं. एकेका अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचो. कुसुम म्हणायची, "बाबा, ओठ हलले नाहीत तरी वाचता येतं." मी म्हणायचो, "तुझ्या शाळेत. माझ्यात न्हाई."

साहेबांपासून हे मी मुद्दाम लपवलं होतं. त्यांच्या लाईनीवर पाच स्टेशनं होणार होती. पाचही पाट्या मी स्वतःच्या हातानं रंगवून एक दिवस अचानक त्यांच्यासमोर ठेवणार होतो. वाघदरा, सोनवड, मोरखडी, खिंड, देवठाण. काडेपेटीच्या पुठ्ठ्यावर दोन पाट्या लिहूनही झाल्या होत्या. 'ख'ची शेपटी अजून नीट येत नव्हती.

बैठक सपाट झाली, आता डोंगर उभा करायचा होता. खिंडीच्या जागी मी लाकडाचे ठोकळे लावले, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी वाकवून ठोकली. मोरी कुठं, ओढा कुठून उतरतो, सगळं माझ्या डोक्यात होतं. जाळीवर कागदाच्या पट्ट्या खळीत बुडवून पाच-सहा थर द्यायचे, वाळले की वर प्लास्टर. खळ मी घरून शिजवून आणली होती, किडा लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलेली.

"कागद लागतील, साहेब. पुष्कळ."

"वर्तमानपत्रं आहेत की." मग ते उठले. आत गेले, ट्रंकेचा आवाज आला, आणि सुतळीनं बांधलेला एक जाड गठ्ठा घेऊन बाहेर आले. "हेही वापर. ऑफिस बंद झालं तेव्हाचे जुने कागद. रद्दीच सगळी." गठ्ठा माझ्या पुढ्यात ठेवून ते म्हणाले, "हे खिंडीलाच लाव. खालच्या थरात. कागद जाड आहे, धरून ठेवील."

"बरं."

"मी चहा टाकतो."

मी सुतळी सोडली. पिवळे पडलेले टाइप केलेले कागद बरेचसे इंग्रजीत होते. ते फाडून, बुडवून जाळीवर लावत गेलो. साहेब आत कप धूत होते, स्टोव्ह पेटवताना शिव्या घालत होते. आठ-दहा कागद झाले असतील. पुढचा मी मधून उभा फाडला आणि हात थांबला.

खालच्या कोपऱ्यात निळा अंगठा होता. अंगठ्यावरून आडवी पांढरी रेघ गेलेली. माझ्या डाव्या अंगठ्याला पहारीनं फाटल्याची खूण आहे, शाई तिथं लागतच नाही. पगाराच्या रजिस्टरवर मी तो अंगठा एकतीस वर्षं बघितला होता. ओळखायला अक्षर लागलं नाही.

कागद मराठीत होता, हातानं लिहिलेला. अक्षर साहेबांचं होतं. मी दोन्ही तुकडे प्लायवूडवर जुळवून ठेवले आणि बोट लावून वाचायला लागलो.

'मी गेनू कोंडिबा शेलार, मुकादम, गँग नंबर सात, जबाब लिहून देतो की...'

पुढे फाटलेल्या रेघेवर अक्षरं तुटली होती. ती जुळवत गेलो.

'...कीमन म्हादू सिदू लोखंडे हा त्या दिवशी सकाळी आपल्या हद्दीत फिरला नाही. तो दारू पिऊन झोपडीत पडलेला होता, हे मी स्वतः पाहिले. त्याला मी पूर्वीही ताकीद दिली होती. मोरीवर खडी पुरेशी होती.'

शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. मोरीवर खडी पुरेशी होती. ज्येष्ठापासून मी साहेबांना तीन वेळा सांगितलं होतं की मोरीवरची खडी संपलीय, एक वाघीण भरून खडी पाठवा. तिन्ही वेळा ते म्हणाले होते, "बघतो."

साहेब दोन कप घेऊन आले. "काय बघतोस एवढं? चित्र आहे का काही?"

"न्हाई, साहेब. अक्षर आहे."

"अक्षराचं काय करतोस तू?"

मी वाचलं. मोठ्यानं. जसं येत होतं तसं, एकेक शब्द फोडून. 'झोपडीत' वर अडकलो, परत वाचलं. साहेबांनी कप खाली ठेवले नाहीत. हातातच धरून उभे राहिले. चहा बशीत सांडत होता.

"तुला वाचता येतं?" ते म्हणाले.

एवढं सगळं वाचून दाखवल्यावर पहिलं त्यांनी हेच विचारलं.

"कुसुमनं शिकवलं."

"मला बोलला नाहीस कधी."

"तुम्हाला पाट्या दाखवणार होतो. स्टेशनांच्या."

ते खुर्चीत बसले. मी खुर्चीत बसलो नाही.

"साहेब, मी हे बोललो होतो?"

"नाही."

"मग तुम्ही मला काय वाचून दाखवलं?"

"तू सांगितलंस ते." ते कपाकडे बघत बोलत होते. "गेनू, फायरमनचा पाय गेला होता. वरून माणूस आला होता चौकशीला. खडीची मागणी मी पाठवली नव्हती, राहून गेली. माझं नाव आलं असतं तर तुझंही आलं असतं. मुकादम तू होतास. दोन घरं बुडण्यापेक्षा..."

"तिसरं बुडवलंत."

"तुझी नोकरी राहिली. तुझी पेन्शन आज चालू आहे. शेवंताला दवाखान्यात जागा मिळवून दिली, कोणी? कुसुमच्या कॉलेजला चिठ्ठी कोणी दिली? मी फेडत आलो रे. माझ्या परीनं फेडत आलो."

मला तोवर वाटत होतं ती दोस्ती आहे.

"चौकशी चालू होती तेव्हा तुम्ही मला म्हणालात, म्हादूला भेटू नकोस, त्याच्यावर उलटेल."

त्यांनी दोन्ही कप फरशीवर ठेवले.

"आणि आज हा कागद माझ्याच हातात दिलात."

"जाळायला गेलो होतो दोनदा. हात झाला नाही. वाटलं, तुझ्याच हातानं खिंडीखाली जाईल आणि मिटेल. तुला कुठं..."

"मला कुठं वाचता येतंय."

जाळीवरचे ओले कागद थेंब थेंब गळत होते. माझ्या हातावरची खळ वाळून कातडी ओढायला लागली होती.

"एक करा," मी म्हणालो. "माझ्याबरोबर म्हादूकडे चला. त्याच्यासमोर एवढंच सांगा की गेनू असं बोलला नव्हता. बाकी काही नको मला. माझ्या पोरीच्या मागं तिचा मामा उभा राहिला पाहिजे."

साहेबांनी खिडकीतून स्टँडकडे बघितलं. मग म्हणाले, "येतो. रविवारी सकाळच्या एसटीनं. तू स्टँडवर थांब."

रविवारी मी साडेसहाला स्टँडवर होतो. ठकूनं शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी बांधून दिली होती, भावाला आवडते म्हणून. तिला मी कागद वाचून दाखवला होता. ऐकून ती उठली आणि चुलीपाशी गेली. सातची गाडी गेली. साडेआठची गेली. साहेबांचं घर स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. त्यांच्या खिडकीचा पडदा मला दिसत होता. तो एकदा हलला. साडेआठच्या गाडीचा कंडक्टर म्हणाला होता, "काका, कुणाची वाट बघताय? चढा की." मी चढलो नव्हतो. दहाच्या गाडीत एकटा चढलो.

म्हादू अंगणात दोर वळत बसला होता. नोकरी गेल्यापासून तो दोर वळूनच जगला. मला बघून तो उठला नाही, पण आतही गेला नाही. म्हातारा झाला होता. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, पण दिसायला मोठा.

"म्हादू, एक कागद आणलाय. वाचून दाखवतो."

"तुमी वाचणार?"

"मी."

मी दोन तुकडे मांडीवर जुळवले आणि सगळा कागद वाचला. त्यानं दोर वळणं थांबवलं नाही.

"ह्ये म्या ऐकलंय, दाजी," तो म्हणाला. "बावीस वर्सांमागं. तवा टिपणीस साहेबानं वाचलं, आज तुमी वाचताय."

"मी असं बोललो नव्हतो. आईशप्पथ सांगतो. मला त्यांनी दुसरंच वाचून दाखवलं होतं."

त्याचे हात थांबले. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"दुसरं?"

"तू पहाटे फिरून आलास, असं. खडी वाहून गेली, असं."

"म्हंजे तुमालाबी त्यानंच वाचून दाखवलं आन् मलाबी त्यानंच."

"होय."

"म्या चौकशीत वरडून सांगितलं, माझा दाजी असं बोलायचा न्हाई, त्याला हितं आणा. तर साहेब म्हनला, अंगठा वळख. म्या वळखला. ती रेघ." त्यानं माझ्या हाताकडे बोट केलं. "पहार लागली तवा म्याच फडकं बांधलं व्हतं न्हवं?"

त्यानंच बांधलं होतं.

"तरीबी मला वाटत व्हतं, दाजी येईल. चौकशी वीस दिस चालली. रोज संध्याकाळी म्या दारात बसायचो. तुमचं घर तवा किती लांब व्हतं? रूळ वलांडला की झालं."

"साहेब म्हणाले, भेटू नकोस."

"आन् तुमी न्हाई भेटला."

"नाही."

तो परत दोर वळायला लागला. त्याच्या बायकोनं आतून पाण्याचा तांब्या आणला, त्याच्याकडे बघितलं आणि माझ्यापुढं ठेवला. मी पाणी प्यालो. भाकरीची पुरचुंडी तिच्या हातात दिली.

"साहेब येनार व्हता का संगं?" म्हादूनं विचारलं.

"म्हणाला होता, येतो."

म्हादू पहिल्यांदा हसला. वाईट हसला.

"लगीन कधी हाय पोरीचं?"

"वैशाख शुद्ध सप्तमी."

"येतो म्या. तिच्यासाठी. तुमच्या घरचं जेवनार न्हाई."

तो आला. धुतलेला सदरा, डोक्याला नवीन पटका. अंतरपाट धरला तेव्हा कुसुमच्या मागं उभा राहिला, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर. बावीस वर्षांत त्यानं तिला पहिल्यांदा बघितलं होतं. अक्षता पडल्या आणि पंगत बसायच्या आत तो निघाला. ठकू लाडू घेऊन त्याच्यामागं स्टँडपर्यंत पळाली. तिच्या हातून त्यानं घेतला. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही.

टिपणीस साहेबांना मी पत्रिका पाठवली नव्हती. त्यांनी आहेर पाठवला होता, तो कुसुमनंच परत केला. त्यांच्या घरी मी परत कधी गेलो नाही. लोक सांगायचे, साहेबांनी रूळ काही टाकले नाहीत. बाहेरच्या खोलीत ती फळी सहा पायांवर तशीच उभी होती, खिंडीच्या डोंगरावर अर्ध्या जाळीला कागद, अर्धी उघडी. एकानं सांगितलं, अजून सपाट आहे, कुठं वाकली नाही. मी म्हणालो, वाकणार नाही.

दोन पाट्या माझ्याकडे आहेत. तिसरी मी लिहिली नाही. तो कागद खळीनं दुसऱ्या कागदावर डकवून सांधला, म्हादूला नेऊन दिला. त्यानं तो पटक्याच्या घडीत ठेवला, असं त्याची बायको नंतर म्हणाली.

साहेब अठ्ठ्याण्णव साली मुलाकडे असताना वारले. म्हादू सिदू लोखंडे, छोट्या लाईनीचा कीमन, कुसुमच्या लग्नाच्याच साली, एकोणीसशे त्र्याण्णवच्या भाद्रपदात, गौरी गेल्या त्या दिवशी दुपारी वारला.